खाणींची शेअरपत्रे : चित्रापलीकडचा कागद

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या रविवार पुरवणीत जुनी शेअरपत्रे जमवण्याच्या छंदावर आलेला लेख आवडीने वाचला. अमेरिकेतील एकोणिसाव्या शतकातल्या खाण कंपन्यांच्या शेअरपत्रांना त्यात झुकते माप मिळाले आहे आणि ते रास्तही आहे, कारण सोन्या-चांदीच्या मागे लागून जितक्या कंपन्या निघाल्या आणि बुडाल्या, तितका देखणा छापील कागद फार थोड्या धंद्यांनी मागे ठेवला असेल. परंतु नवख्या संग्राहकाने चित्र पाहून पत्र निवडावे, नाव-गाव-आकड्यांत फारसे शिरू नये, कारण कंपनीच नामशेष झाल्यावर त्या मजकुराला अर्थ उरत नाही, असा जो सल्ला लेखाच्या शेवटी दिला आहे, तो मला पटला नाही. माझ्या मते चित्र हाच या कागदांचा सर्वांत कमी भरवशाचा भाग आहे. ते कित्येकदा अप्रतिम असते, पण ज्या खाणीच्या नावाने ते छापले गेले तिच्याशी त्याचा संबंध बहुधा नसतो. हे कसे, ते थोडे विस्ताराने मांडू द्यावे, ही विनंती.

पोलादी पत्र्यावरचे कोरीव काम शेअरपत्रांवर आले ते शोभेसाठी नव्हे, तर बनावट पत्रांना आळा घालण्यासाठी. ही विद्या मुळात चलनी नोटांची. जेकब पर्किन्स या अमेरिकी कारागिराने एकोणिसाव्या शतकाच्या आरंभीच्या दशकांत तिची जी रीत बसवली ती अशी, की मऊ केलेल्या पोलादाच्या लहानशा ठोकळ्यावर चित्र उलटे कोरायचे, तो ठोकळा तापवून आणि विझवून कडक करायचा, मग त्यावरून मऊ पोलादाचा रूळ प्रचंड दाबाखाली फिरवून चित्र त्या रुळावर उठावात घ्यायचे, रूळही कडक करायचा आणि त्याने छपाईच्या मोठ्या पत्र्यावर तेच चित्र हवे तितक्या वेळा दाबून उमटवायचे. या खटाटोपात मूळ ठोकळा झिजत नाही. टपाल तिकिटे जमवणाऱ्यांना ही रीत परकी वाटू नये, कारण १८४० चे पेनी ब्लॅक पर्किन्सच्याच पेढीने याच पद्धतीने छापले होते. पुढे १८५८ मध्ये सात कोरीव छपाईच्या पेढ्या एकत्र येऊन अमेरिकन बँक नोट कंपनी उभी राहिली आणि १८७९ मध्ये नॅशनल व कॉन्टिनेंटल या दोन प्रतिस्पर्धी कंपन्याही तिच्यात मिळाल्या. न्यूयॉर्कच्या शेअर बाजाराने आपल्याकडे नोंदलेल्या कंपन्यांच्या पत्रांसाठी अशाच कोरीव छपाईचा आग्रह धरल्यामुळे या पेढ्यांकडे कामाचा ओघ लागला.

तिथे एक पत्र एकच माणूस कोरत नसे. चेहरे कोरणारा वेगळा, निसर्गदृश्ये कोरणारा वेगळा, अक्षरे कोरणारा वेगळा, आणि काठाची जाळीदार नक्षी तर हाताची नसेच. ती भौमितिक लेथवर, म्हणजे गुंतागुंतीच्या वक्र रेघा काढणाऱ्या यंत्रावर उतरे, आणि त्या यंत्राची चाके नेमकी कशी लावली होती हे ठाऊक नसलेल्या माणसाला ती नक्षी तंतोतंत जुळवणे जवळजवळ अशक्य होते. फेलिक्स डार्ली यांच्यासारख्या नावाजलेल्या चित्रकाराने नोटांसाठी रेखाटने करून दिली, जेम्स स्मिली यांच्यासारख्या कोरक्याने डोंगरदऱ्या पोलादात उतरवल्या. चित्रात माणूस असण्यालाही कारण होते. झाडाची एखादी फांदी इकडची तिकडे झाली तर कोणाच्या लक्षात येत नाही, पण चेहऱ्यातली डोळ्याची रेघ केसभर चुकली तरी पाहणाऱ्याला काहीतरी बिनसल्याचे चटकन जाणवते, म्हणून नक्कल करणाऱ्याला चेहरा सर्वांत जड जातो.

असे पत्र दिव्याच्या तिरप्या उजेडात धरले की शाई कागदावर उभी राहिलेली दिसते आणि बोटाला किंचित खरखरीत लागते. भिंगाखाली खाणकामगाराचा दंड पाहावा. रेघ मनगटाकडे अगदी बारीक निघते, स्नायूच्या फुगवट्यावर जाड होते आणि कोपरापाशी पुन्हा निमुळती होऊन संपते. जिथे सावली दाट हवी तिथे दुसऱ्या रेघांनी तिला तिरका छेद दिलेला असतो, आणि या छेदांतून जे इवलेसे चौकोन पडतात त्या प्रत्येकात कोरक्याने एकेक ठिपका टाकलेला असतो. तासन्‌तास पाहत राहावे असे हे काम आहे आणि लेखकाला त्याची भुरळ पडली यात नवल नाही.

पण वर सांगितलेल्या रीतीतच खरी मेख आहे. मूळ ठोकळा झिजत नसल्यामुळे तो क्रमांक घालून जपून ठेवला जाई, आणि नवी कंपनी पत्र छापून घ्यायला आली की तिला नमुन्यांची वही दाखवली जाई. नवे चित्र कोरून घेणे महागाचे आणि वेळखाऊ काम, तयार ठोकळ्यांतून निवडणे त्या मानाने स्वस्त. त्यामुळे पहार धरून बसलेला एक, घण उगारलेला दुसरा आणि मागे खनिजाची गाडी ढकलणारा तिसरा, असे तेच त्रिकूट चांदीच्या खाणीच्या पत्रावरही भेटते, तांब्याच्या खाणीच्या पत्रावरही भेटते आणि कोळशाच्याही. ठोकळा वर्षानुवर्षे चाले, त्यामुळे १८७० च्या दशकात दाबाच्या हवेवर चालणारी छिद्रयंत्रे खाणींत आल्यानंतरही कागदावरचा कामगार हातानेच खडक फोडत राहिला. नेवाडातील कॉमस्टॉक नावाच्या चांदीच्या खनिजशिरेत १८५९ नंतर जे खोदकाम झाले त्याचेच उदाहरण घ्या. तिथला खडक इतका ठिसूळ आणि खनिजाचा पट्टा इतका रुंद होता, की साध्या टेकूंनी भागेना. शेवटी १८६० मध्ये ओफिर खाणीत फिलिप डायडेशायमर यांनी चौकोनी लाकडी सांगाडे एकावर एक रचण्याची युक्ती काढली आणि मगच खोल जाता आले. पुढे खोल पातळ्यांवर कढत पाणी लागले, कामगार कमरेवर उघडे राहून, बर्फाचे पाणी पीत, थोड्या थोड्या वेळाने विसावा घेत काम करीत. चित्रात मात्र स्वच्छ सदऱ्यातली माणसे प्रशस्त बोगद्यात उभी असतात. (आणि जिथे माणसे नसतात तिथे एखादी देवी खनिजाच्या ढिगावर टेकून दूर क्षितिजाकडे पाहत असते. कंपनीचे भाग, म्हणजे शेअर, विकत घेणाऱ्याला तिने नेमका कशाचा दिलासा दिला असेल, हे मला आजवर उमगलेले नाही.)

याला अपवाद आहेत, आणि खरे सांगायचे तर मला तेच अधिक प्रिय आहेत. कॉमस्टॉकच्या बहुतेक कंपन्यांचे भाग न्यूयॉर्कमध्ये नव्हे, सॅन फ्रान्सिस्कोत विकले जात. तिथे १८६२ मध्ये शेअर बाजार सुरू झाला, आणि घाईच्या त्या दिवसांत पूर्वेकडून पोलादी छपाई मागवत बसण्यापेक्षा शहरातल्याच शिळाछापखान्यांकडे, म्हणजे दगडावर चित्र काढून छापणाऱ्यांकडे, काम देणे सोयीचे होते. ब्रिटन अँड रे हे त्यांतले मोठे नाव. दुसरे ग्राफ्टन टायलर ब्राउन यांचे. १८४१ मध्ये पेन्सिल्व्हेनियात जन्मलेला हा कृष्णवर्णीय कलावंत तरुणपणीच सॅन फ्रान्सिस्कोत आला, शिळाछापाचे काम शिकला, स्वतःचा छापखाना चालवू लागला आणि पुढे तो धंदा विकून निसर्गचित्रकार झाला. त्यांनी खाण कंपन्यांची कित्येक शेअरपत्रे छापली. शिळाछापात शाई सपाट बसते, रेघेला पोलादाची धार नसते, चित्रावर कधी खडूच्या दाण्यासारखी पोत दिसते. शुद्ध कारागिरीच्या कसोटीवर ही पत्रे पोलादी पत्रांच्या पासंगालाही पुरत नाहीत. पण दगडावर नवे चित्र काढायला फार खर्च येत नसल्यामुळे इथल्या छापखान्यांना तयार त्रिकुटावर अवलंबून राहावे लागत नसे. खाणीच्या तोंडाशी बांधलेली इमारत, तिच्या चिमण्या, मागचा उघडाबोडका डोंगर, कधी कॅलिफोर्नियाच्या राजमुद्रेतली रोमन देवी मिनर्व्हा, अस्वल आणि कुदळवाला, हे सारे त्यांवर येते. अशा पत्राच्या खालच्या काठाशी बारीक अक्षरांत छापखान्याचे नाव असते. ते आधी वाचावे आणि मगच चित्राकडे वळावे, असे मी नवख्यांना सांगेन.

आता लेखकाने कालबाह्य ठरवलेल्या मजकुराकडे येतो. माझ्या संग्रहात नेवाडातील स्टोरी काउंटीमधल्या एका कंपनीचे १८७० च्या दशकातले पत्र आहे. चित्र यथातथाच आहे. वर्षाचे पहिले तीन आकडे छापील, चौथा हाताने घातलेला. दहा भाग. धारकाच्या नावापुढे ‘विश्वस्त’ अशी नोंद. प्रथमदर्शनी वाटते की हा माणूस कोणाच्या तरी मालमत्तेची देखभाल करीत असावा, पण कॉमस्टॉकच्या पत्रांवर हा शब्द इतक्या वेळा येतो की तसे असणे शक्यच नाही. पत्र एखाद्या दलालाच्या किंवा अधिकाऱ्याच्या नावाने विश्वस्त म्हणून काढायचे, त्याने मागे कोरी सही करून ठेवायची आणि मग ते पत्र नोटेसारखे या हातातून त्या हातात फिरत राहायचे, अशी ती वहिवाट होती. कंपनीच्या वहीत खरा मालक कधी येतच नसे. कॅलिफोर्नियाच्या कायद्याने कंपनीच्या देण्यांचा बोजा भागधारकांवर त्यांच्या हिश्शाच्या प्रमाणात टाकला होता, तेव्हा वहीत नाव न येणे सोयीचे होते, हे वेगळे सांगायला नको.

याच पत्रांशी जोडलेली दुसरी गोष्ट म्हणजे भागधारकांवरची आकारणी. इथल्या खाण कंपन्या भाग विकून थांबत नसत. बोगदा पुढे न्यायला पैसे कमी पडले की दर भागामागे ठरावीक रक्कम मागितली जाई, आणि ती वेळेत न भरणाऱ्याचे भाग लिलावात निघत. कॉमस्टॉकच्या बऱ्याच कंपन्यांनी भागधारकांना लाभांश दिला त्याहून अधिक रक्कम अशा आकारणीतून उकळली. पुढच्या काळातल्या कित्येक पत्रांवर ‘आकारणीस अपात्र’ हे शब्द कंपनीच्या नावाइतक्याच ठळक अक्षरांत छापलेले दिसतात, त्याचे कारण हे आहे. गुंतवणूकदार एकदा पोळला होता आणि प्रवर्तकांना ते ठाऊक होते. चित्रातल्या देवीपेक्षा त्या दोन शब्दांनी अधिक भाग विकले असतील, असे मला वाटते.

तारीख तर फारच बोलकी. मॅके, फेअर, फ्लड आणि ओब्रायन या चौघांच्या ताब्यातील कॉमस्टॉकच्या कन्सॉलिडेटेड व्हर्जिनिया खाणीत १८७३ मध्ये चांदीचे प्रचंड घबाड लागले आणि १८७५ च्या जानेवारीत तिचा भाग सातशे डॉलरच्या आसपास पोहोचला. त्याच वर्षी २६ ऑगस्टला, कॉमस्टॉकच्या खाणींत पैसा गुंतलेल्या बँक ऑफ कॅलिफोर्नियाचे दरवाजे बंद झाले आणि दुसऱ्या दिवशी तिचे सूत्रधार विल्यम राल्स्टन यांचा सॅन फ्रान्सिस्कोच्या उपसागरात बुडून अंत झाला. त्या जानेवारीतले पत्र आणि त्याच वर्षाच्या सप्टेंबरातले पत्र यांचे चित्र, काठ, कागद सारे एकच असू शकते. फरक सांगतो तो तारखेच्या जागी टाकाने लिहिलेला महिना.

पत्रावर रेव्हेन्यू तिकीट असेल तर तेही वाचावे. यादवी युद्धाच्या खर्चासाठी अमेरिकेने १८६२ मध्ये दस्तऐवजांवर मुद्रांक कर बसवला. शेअरपत्राला पंचवीस सेंटचे तिकीट लागे आणि ते लावणाऱ्याने त्यावर शाईने आपली आद्याक्षरे व तारीख घालून ते रद्द करायचे, असा नियम होता. हा कर १८७२ मध्ये उठला. १८९८ मध्ये स्पेनशी युद्ध जुंपल्यावर तो पुन्हा आला आणि या खेपेच्या तिकिटांवर युद्धनौका होती. पत्राची तारीख आणि तिकिटावरची तारीख जुळते का, हे पाहणे हा अस्सलपणाचा सोपा पडताळा आहे. तिकीट गोळा करणाऱ्या मंडळींनी हजारो पत्रांवरून ही तिकिटे भिजवून काढली आणि कागद टाकून दिले, याची हळहळ आम्हाला वाटते. त्यांना कदाचित आमच्याबद्दल तसेच काही वाटत असेल.

चित्र, कागद आणि प्रतिष्ठित नावे यांवर विसंबण्याचे फळ काय मिळते, याचे सर्वांत ठसठशीत उदाहरण एमा सिल्व्हर मायनिंग कंपनीचे. यूटाच्या लिटल कॉटनवूड दरीतली ही चांदीची खाण १८७१ मध्ये लंडनच्या बाजारात वीस पौंडांच्या भागांनी, एकूण दहा लाख पौंडांच्या भांडवलावर विक्रीला काढण्यात आली. येल विद्यापीठाचे रसायनशास्त्राचे प्राध्यापक बेंजामिन सिलिमन (धाकटे) यांनी पंचवीस हजार डॉलर घेऊन अनुकूल अहवाल दिला होता आणि अमेरिकेचे ब्रिटनमधील राजदूत रॉबर्ट शेंक स्वतः संचालक मंडळावर बसले होते. वर्षभरात खनिज आटले. आधी वाटलेला लाभांश खाणीच्या उत्पन्नातून आला नव्हता हेही उघड झाले. प्रकरण अमेरिकी काँग्रेसच्या चौकशीपर्यंत गेले आणि १८७६ मध्ये शेंक यांना पद सोडावे लागले. हे ठाऊक असलेल्या संग्राहकाला एमाचे पत्र मिळाले, तर त्याने चित्राकडे ढुंकून पाहिले नाही तरी चालेल.

विसाव्या शतकाच्या उंबरठ्यावर तर चित्रांचा बाजारच झाला. कोलोरॅडोत क्रिपल क्रीकला १८९१ मध्ये आणि नेवाडात गोल्डफील्डला १९०२ मध्ये सोने लागल्यावर जो कंपन्यांचा सुळसुळाट झाला, त्यांतल्या अनेकांनी छापखान्यांकडे तयार मिळणारे कोरे नमुने घेतले. सोनेरी किंवा हिरवा काठ, वर गरुड किंवा तीच ती खाणीची देखावेवजा चौकट, मध्ये रिकामी जागा. शिकागोच्या गोज लिथोग्राफिंग कंपनीसारख्या छापखान्यांनी असे काठ पुरवले आणि गावातल्या मुद्रकाने त्यात कंपनीचे नाव घातले. एक डॉलर दर्शनी मूल्याचे दहा लाख भाग, प्रत्यक्ष विक्री काही सेंटना, हा तिथला नेहमीचा साचा. १९०७ च्या आर्थिक घबराटीने गोल्डफील्डचा फुगा फोडला. ही पत्रे आज मुबलक आहेत आणि त्यांचा काठ कितीही झगमगला तरी त्यासाठी जादा पैसे मोजू नयेत.

लेखातला आणखी एक समज दुरुस्त करायला हवा. रद्द झालेले, म्हणजे छिद्रे पाडलेले किंवा आडवी कात्री मारलेले पत्र कमअस्सल, आणि कोरेकरकरीत न रद्द झालेले ते उत्तम, असे त्यात म्हटले आहे. बाजारभाव बहुधा तसाच चालतो, हे मान्य. पण हे भाग दुसऱ्याच्या नावे करायचे तर मूळ पत्र कंपनीकडे परत करावे लागे. कंपनी ते रद्द करी आणि वहीतल्या स्थळप्रतीला पुन्हा डकवून ठेवी. डाव्या काठाशी वाळलेल्या डिंकाचा पट्टा किंवा तिथला सोललेला कागद दिसला, तर ते पत्र घरी परतले होते असे समजावे. रद्द झालेले पत्र हे त्या वेळी कंपनी चालू होती, तिची वही होती आणि भागाला गिऱ्हाईक होते याचा पुरावा आहे. उलट ज्या पत्रावर ओरखडाही नाही, ते बहुधा कोणाच्या तरी पेटीत पडून राहिले, कारण ते परत करून काही मिळण्याजोगे उरलेच नव्हते. सही-तारखेविना अखंड वह्याच्या वह्या सापडतात, त्या तर विकल्याच न गेलेल्या भागांच्या.

जपणुकीबद्दल लेखकाने चौकटीची शिफारस केली आहे. तिचा तोटा असा, की मागची बाजू कायमची भिंतीकडे जाते, आणि सह्या, हस्तांतराच्या नोंदी, क्वचित साक्षीदाराचे नाव हे सारे तिथेच असते. उन्हाने टाकाची शाई फिकी पडते ती वेगळीच. पॉलिएस्टरच्या पारदर्शक पाकिटात पत्र उभे ठेवल्यास दोन्ही बाजू पाहता येतात. चिकटपट्टी, प्लास्टिकचे आवरण चढवणे, गरम इस्त्रीने घड्या मोडणे हे प्रकार कटाक्षाने टाळावेत, आणि टाचणी असेल तर ती गंजण्यापूर्वी काढावी. काही विक्रेते पत्रातले चित्र कापून शुभेच्छापत्रावर लावतात, त्यांच्याकडून काहीही घेऊ नये. नकली प्रती ओळखायला तिरपा उजेड आणि भिंग पुरते. कोरीव म्हणून विकल्या जाणाऱ्या पत्रावर शाईचा उठाव नसेल आणि रेघांच्या जागी समान अंतरावरचे ठिपके दिसत असतील, तर ती अलीकडची छपाई.

शेवटी एक व्यवहाराची बाब. रद्द झालेल्या पत्रावर मालकीचा कोणताही हक्क उरत नाही, आणि बाजारातून छंदासाठी घेतलेल्या पत्राकडे उत्पन्नाचे साधन म्हणून पाहणे व्यर्थ आहे. मात्र एखाद्याला वारशाने मिळालेले पत्र रद्द झालेले नसेल, तर ती कंपनी पुढे दुसऱ्या कंपनीत विलीन झाली का, याची चौकशी तिची जिथे नोंदणी झाली होती त्या राज्याच्या दप्तरात करता येते. ती चौकशी होईपर्यंत असे पत्र लिलावात देऊ नये आणि त्याच्या मागच्या बाजूवर सही तर मुळीच करू नये.

कळावे, लोभ असावा.

आपला नम्र,
एक वाचक आणि संग्राहक